दचकमावशीचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आलेला आहे. मला कुणी हातात घेतलं की त्याचा अंगठा आधी त्या पोच्यावर जातो आणि तो विचारतो, "हा पडला होता का कधी?" पडलो होतो. उभ्या आयुष्यात एकदाच. ते पडणंच मला तुम्हाला सांगायचं आहे. पण एकदम तिथे उडी घेतली तर तुम्ही म्हणाल, माईक पडला, त्यात रडण्यासारखं काय? म्हणून जरा मागून येतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलापाशी ओळीने बायका काम करत बसायच्या. त्यांतल्या एकीने श्वास रोखून माझ्या आत एक पातळ पडदा ताणून बसवला. श्वास रोखून अशासाठी, की नुसता उसासा लागला तरी सुरकुती पडावी इतका तो नाजूक. आवाज आला की हा पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. माझं सगळं काम एवढंच. मला डोळे नाहीत, तोंड नाही. मी फक्त ऐकतो आणि थरथरतो. भुताखेतांच्या सिनेमांत माझं आयुष्य गेलं, यात मग नवल ते काय?

कारखान्यातून मी एका डबिंग स्टुडिओत आलो. पडद्यावर नट-नट्या ओठ हलवतात आणि त्यांचे आवाज मागाहून भलतीच माणसं देतात, ते काम तिथे चालायचं. मोठमोठे आवाज माझ्यासमोर आले आणि गेले. बहुतेकांना एक खोड होती. बोलण्याआधी मला टिचक्या मारायच्या, नाहीतर फू फू करून फुंकर घालायची. मग एके दिवशी एक बाई आली. तिने टिचकी मारली नाही. झोपलेल्या मुलाला उठवावं तसा बोटाच्या टोकाने माझ्या दांड्याला हळूच हात लावला आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, "हा कान आहे हो. कानावर कुणी टिचक्या मारतं का?"

आणि मग ती अशी किंचाळली, की काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाच्या हातून चहाचा कप निसटला.

किंकाळ्या हाच तिचा धंदा होता. भीतीच्या सिनेमातल्या नायिका दिसायला गोड असतीलही, पण किंचाळायला सांगितलं की झुरळ बघितल्यासारखं नुसतं 'ई' करायच्या. खरी किंकाळी हवी असली की हिला बोलावणं जायचं. तळघरातली किंकाळी वेगळी, आरशासमोरची वेगळी. आणि आपल्या मागे कुणी उभं आहे हे जिला आत्ताच कळलं तिची तर किंकाळीच नसते, एक आत घेतलेला श्वास असतो फक्त. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं ती शिकली होती. सिनेमा संपला की पडद्यावर नावं सरकत जायची. चहा आणून देणाऱ्याचंसुद्धा नाव त्यात असायचं, हिचं कधी आलं नाही. त्यावर ती म्हणायची, बरंच आहे, शेजारणींना कळलं तर भाजी आणायला सोबत कोण येईल?

पुढे यंत्रं बदलली. किंकाळ्या तयार मिळायला लागल्या, एक घ्या नाहीतर शंभर घ्या. स्टुडिओला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा मालक सगळ्यांना म्हणाला, आठवण म्हणून काय हवं ते घेऊन जा. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे सोडवून नेले. तिने मला शालीत गुंडाळलं आणि वाटभर छातीशी धरून घरी आणलं. त्या शालीतून मी तिचं काळीज ऐकत आलो. ते काही किंचाळणाऱ्या बाईचं काळीज नव्हतं. संथ होतं, जरा थकलेलं होतं.

तिच्या घराच्या पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान, मधल्या दोन खोल्यांत संसार, आणि पार मागे कापडाचे तागे ठेवायची एक अडगळीची खोली. नवरा शिंपी. माणूस इतका भित्रा, की मांजराने भांडं पाडलं तरी "कोण आहे?" म्हणून विचारायचा आणि उत्तर येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला सांगायचा. अशा माणसाच्या घरात किंकाळ्या मारणारी बायको! पण दोघांचं छान जमलेलं होतं. जेवताना ती जुने भीतीचे सिनेमे रंगवून सांगायची आणि तो घास हातात धरून बसायचा.

त्यांची लेक नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा जाता जाता म्हणाली, आई, जेवताना सांगतेस तेच माईकवर सांग, मी चॅनल काढून देते. आई म्हणाली, मला आता कोण ऐकणार? लेक म्हणाली, बाबांना इतक्या वर्षांनी अजून घाम फुटतो, तर लोकांना फुटणार नाही का?

असं ते चॅनल निघालं. नाव ठेवलं 'दचकू नका'. बघणाऱ्या मुलांनी तिला नाव दिलं दचकमावशी आणि तिच्या नवऱ्याला शिंपीकाका. मीही आता तेच म्हणतो.

काकांनी उरलेल्या चिंध्या भरून जाड गाद्या शिवल्या आणि मागच्या खोलीच्या भिंतींना लावल्या, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत यायला नको. कॉलरीत घालायच्या कडक बक्रमची त्यांनी भुतं कापून दिली. हात लांब केलेलं एक, बिनडोक्याचं एक, आणि एक हडळ, तिचे केस कापताना म्हणे त्यांनी डोळे अर्धे मिटून घेतले होते. मावशी टेबलावर दिवा ठेवायची, वर मोबाईल अडकवायची, आणि त्या भुतांच्या सावल्या नाचवत सिनेमा सांगायची. तिचा चेहरा कधी कुणाला दिसला नाही. दोन हात आणि आवाज, बस.

आमच्याकडे भुतं दुपारची यायची. जेवणं झाली, दुकानातली वर्दळ ओसरली की. रेकॉर्डिंग चालू असताना शिलाई मशीन चालवता येत नसे, म्हणून तेवढ्या वेळात काका पुढच्या खोलीत काजं-बटणं करत बसायचे आणि कानाला हेडफोन लावून मावशीचं सगळं ऐकायचे. मधे कुठे खरखर आली तर तिला सांगायचं, हे त्यांचं काम. सिनेमा फारच भयंकर असला की त्या दिवशी कुणाच्या तरी शर्टाचं बटण वाकडं लागायचं. गिऱ्हाइकंही सरावली होती. बटण वाकडं दिसलं की विचारायची, काय, आज हडळ होती वाटतं?

पण मावशी कुणाला नुसतं घाबरवून सोडून देत नसे. गोष्ट संपली की ती त्यातलं भूत उलगडून दाखवायची. मोडणारं हाड म्हणजे वाळकी काठी. रक्त म्हणजे रंग घातलेला साखरेचा पाक. पाठीमागून येणारा थंड श्वास म्हणजे सायकलचा पंप. आणि अगदी शेवटी, दर वेळी, एकच वाक्य म्हणायची, "चला, आता दिवा लावा, आणि घरातल्या माणसांना एकेक हाक मारून या." मुलं खरंच तसं करायची. संध्याकाळी काका कॉमेंट वाचून दाखवायचे. एका मुलाने लिहिलं होतं, मावशी, तुमच्यामुळे काल मी आजोबांना हाक मारली, ते म्हणाले काय पाहिजे, मी म्हटलं काही नाही, ते म्हणाले मग बस इथे. मावशीने ते काकांना पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा.

ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस.

आता दाराचं सांगायला हवं. चॅनल नवीन होतं तेव्हा मावशीने घरात पहिली मोठी किंकाळी मारली, आणि पुढच्या खोलीतून काका लाकडी मोजपट्टी उगारून धावत आले. त्यांच्यामागे बाही मोजून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, त्याच्यामागे शेजारची बाई. दार धाडकन उघडलं. इतकी सुरेख किंकाळी, तिची माती झाली. मावशी आधी चिडली आणि मग नवऱ्याच्या हातातली मोजपट्टी बघून पोट धरधरून हसली. म्हणाली, भुताचं माप घेणार होतात का?

त्या दिवशी नियम ठरला. आतून काहीही ऐकू येवो, मावशीचं ते शेवटचं वाक्य झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. काका म्हणाले, "आणि खरंच काही झालं तर?" मावशीने जरा विचार केला आणि म्हणाली, "तर मी म्हणेन, दूध बघा. भुताच्या सिनेमात दुधाची काळजी कुणाला नसते." काकांना ते पटलं. शिंपी माणूस, एकदा माप घेतलं की घेतलं. नियम त्यांनी कधी मोडला नाही.

मित्रांनो, मोडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशीचा सिनेमा फार जुना होता. एक बाई घरात लाकडाची मूर्ती आणते आणि ती मूर्ती रोज तिच्या तोंडातला एकेक शब्द चोरते. आधी बाई भांड्यांची नावं विसरते, मग मुलांची, आणि शेवटी तिच्या तोंडून नुसते आवाज निघतात. मावशीला ही गोष्ट भारी आवडायची. सकाळपासून ती घरात जड जिभेने बोलायचा सराव करत होती. दार लावण्याआधी तिने काकांना बजावलं, "आज शेवटाकडे माझी जीभ लोळागोळा होत जाईल. मधेच काय झालं म्हणून डोकावू नका."

गोष्ट सुरू झाली. छान चालली होती. मूर्तीने मुलांची नावं चोरली तिथपर्यंत आलो, आणि मावशीचा एक शब्द घसरला. मग आणखी एक. काकांना वाटलं, आला तो भाग. पण मला कळलं. नाटकातला जड आवाज कितीही जड असला तरी त्याच्या मागे भरून घेतलेला श्वास असतो, तयारीत उभा असलेला. इथे मागे काहीच नव्हतं. टेबलावरून बक्रमची बाहुली खाली पडली. मावशीचा उजवा हात टेबलावरून घसरत गेला, त्याचा आवाज मी ऐकला. मग तिने 'द' म्हणायला जीभ लावली. जीभ तिथेच राहिली. पुन्हा लावली. दूध काही आलं नाही. एक लांबट, ओला आवाज आला, आणि तो मी जसाच्या तसा तारेतून पुढे पाठवला. मला दुसरं काय येतं?

पुढच्या खोलीत काय झालं ते मला नंतर कळलं. काकांनी सुई थांबवली आणि मान हलवून म्हणाले, "वा."

ते एका मास्तरीणबाईंच्या कोटाला बटणं लावत होते. थोड्या वेळाने त्या बाईच कोट न्यायला आल्या. काकांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना बसायला सांगितलं आणि हेडफोनची एक बाजू त्यांच्या कानाशी धरली. बाई म्हणाल्या, कुणीतरी कण्हतंय हो. काका अभिमानाने म्हणाले, करतेच ती तसं. मग आवाजही थांबला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. मावशी नेहमी म्हणायची, भीती किंचाळण्यात नसते, थांबण्यात असते. तिच्या थांबण्याला ते मान देत होते. शेवटच्या वाक्याची वाट बघत ते एकेक बटण लावत राहिले, आणि त्या दिवशी एकही वाकडं लागलं नाही.

आत मावशीचा डावा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. तो माझ्यापाशी आला. बोटाच्या टोकाने नाही, अख्ख्या पंजाने. क्षणभर तो माझ्यावर तसाच थांबला. मग तिने मला ढकललं.

फरशीवर माझी जाळी आपटली, तो हा पोचा. काकांच्या कानात वीज पडल्यासारखं झालं असणार. ते ताडकन उठले. मास्तरीणबाई म्हणाल्या, काय झालं?

"माईक पडला."

"मग? उचलतील की त्या."

"ती माईक पाडणार नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे. जिवावरचं टळलं. मग लिहिता लिहिता सहज म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांना ते रोजचं वाक्य. काकांनी मात्र ते खिशात घालून घरी आणलं आणि कधी खिशाबाहेर काढलं नाही.

मावशी घरी आली तेव्हा तिची उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेलेली होती. गोष्टीतल्या मूर्तीने चोरावी तशी. काकांनी मला शर्टाच्या खोक्यात घातलं, खोकं माळ्यावर टाकलं आणि मागच्या खोलीला कडी लावली. चॅनलवर मुलं विचारत होती, मावशी कुठे गेली? लेकीने फोनवर विचारलं, काय लिहू? काका म्हणाले, काही लिहू नको.

तुम्हाला वाटेल, तार काढली की माईक बहिरा होतो. तसं नसतं. पडदा थरथरतोच, फक्त ती थरथर कुठे पोचत नाही. माळ्यावर पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होतो. काकांची चाल बदलली होती. चमचा पडला तरी धावत यायचे. मावशीला बोलायला शिकवणारी एक ताई यायची. ती काकांना पुन्हा पुन्हा सांगायची, त्यांना त्यांचं वाक्य पुरं करू द्या, मधे शब्द देऊ नका. पण मावशीने 'प' म्हटलं की काका पाणी आणायचे, पंखा लावायचे, पांघरूण घालायचे, तिन्ही एकदम. तिला थांबलेलं त्यांना ऐकवत नसे. मग मावशी चिडून गप्प व्हायची आणि काका स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहायचे. नळाखाली भांडं नसायचं. ते पाण्याचं रडणं फक्त मला ऐकू यायचं.

मावशीला मी हवा होतो. ती माळ्याकडे हात करायची आणि काका म्हणायचे, वरचं पांघरूण हवं का? कळत होतं त्यांना. त्या खोक्याकडे जायचा धीर होत नव्हता. शेवटी लेक रजा घेऊन आली. आईचा हात कुठे जातोय ते तिने एकदा पाहिलं, स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं. मावशीने डाव्या हाताने मला मांडीवर घेतलं आणि पोच्यावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत होती. सगळी रेकॉर्डिंगं चॅनलसाठी लेकीकडे जायची. मावशीने तिच्या मोबाईलकडे बोट दाखवलं आणि महाप्रयासाने म्हणाली, "त्या... दिव... शीचं."

काका म्हणाले, नको. लेकही म्हणाली, आई, कशाला? मावशीने पलंगाच्या कडेवर मूठ आपटली.

लेकीने लावलं. तिघांनी मिळून ऐकलं, सुरुवातीपासून. मावशीचा जुना भरदार आवाज त्या खोलीत आला. मग तो घसरलेला शब्द आला. मग तो 'द'. मग तो लांबट आवाज. काका उठून उभे राहिले, पण गेले नाहीत.

"मी वा म्हटलं," ते म्हणाले. "तू मला बोलावत होतीस आणि मी पुढे बसून वा म्हटलं. बाईंनासुद्धा ऐकवलं."

हे त्यांनी अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लेकीने मोबाईल बंद केला. मग मावशीच्या घशातून एक आवाज आला. मला आधी तो रडण्याचा वाटला, पण ते हसू होतं. अर्ध्या तोंडाने आल्यामुळे त्याची एक बाजू ओली लागत होती.

"झा... लंच... होतं... चां... गलं," मावशी म्हणाली.

मधे कुणीही शब्द दिला नाही. काकांनी पलंगापाशी खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, म्हणजे माझ्या शेजारीच, आणि पोटभर रडून घेतलं. मावशीचा डावा हात त्यांच्या केसांतून फिरत होता, आणि वाटेत मधे मधे माझ्यावरूनही.

ते रेकॉर्डिंग चॅनलवर गेलं नाही. मावशीने एकच गोष्ट करायची ठरवली. गोष्टीचं शेवटचं वाक्य राहून गेलं होतं, ते तिला पुरं करायचं होतं. लेकीने मला मागच्या खोलीत त्याच टेबलावर बसवलं. काकांनी दाराची कडी पेचकसाने काढून टाकली आणि उघड्या दारात उभे राहिले. रस्त्यावरचे आवाज आत येत होते. कुणी कुणाला सायकल बाजूला घ्यायला सांगत होतं. मावशी म्हणाली, राहू दे. किती वेळा प्रयत्न केला ते मी मोजलं नाही. कधी 'दिवा' अडायचा, कधी 'हाक'. एकदा सगळं नीट आलं आणि शेवटच्या शब्दाला तिला ठसका लागला. लेक म्हणाली, उद्या करू या का? मावशीने मान हलवली आणि पुन्हा माझ्या दांड्याला हात लावला, बोटाच्या टोकाने.

"चला... आता... दिवा लावा. आणि... घरातल्या... माणसांना... एकेक... हाक... मारून... या."

ज्या वाक्याची वाट बघत काका कोटाची बटणं लावत बसले होते, ते वाक्य असं आलं. आमच्या चॅनलवरचा तो शेवटचा व्हिडिओ. त्यात एकही भूत नाही. एक डावा हात आहे आणि एवढं वाक्य. खाली मुलांनी बरंच काही लिहिलं. काकांना चष्मा पुसता पुसता वाचायला वेळ लागला. आजोबावाल्या मुलाने लिहिलं होतं, मावशी, मी हाक मारली, पण आजोबा आता नाहीत, म्हणून आजीला हाक मारली.

त्यानंतर मला नवीन नोकरी लागली. लेकीने माझी तार लांबवली, मला मावशीच्या उशाशी ठेवलं आणि हेडफोन काकांच्या गळ्यात घातले. काका दुकानात असोत नाहीतर स्वयंपाकघरात, कानाला मी. मावशीला पाणी हवं असो, कूस बदलायची असो, नुसतं कुणी बोलायला हवं असो, तिने श्वास जोरात घेतला तरी काका हजर. गिऱ्हाइकं म्हणायची, शिंपीकाका गाणी ऐकतात वाटतं. काका म्हणायचे, हो.

एकदा दुपारी मी तो श्वास ऐकला. आपल्या मागे कुणी उभं आहे हे जिला आत्ताच कळलं तिचा. जसाच्या तसा, जुन्या दिवसांतला. काका लाकडी मोजपट्टी उगारून धावत आले. मावशी अर्ध्या तोंडाने हसत होती. बोलायला शिकवणाऱ्या ताईने नंतर काकांना सांगितलं, ती आली की ते हेडफोन काढून ठेवायचे, तेवढ्या वेळात मावशीने आठवडाभर चोरून सराव केला होता. काका आधी चिडले, मग हातातल्या मोजपट्टीकडे बघून हसायला लागले. त्या दिवशी दोघं इतकी हसली की मला खरखर आली.

आणि मग एक दुपार अशी आली, की माझ्यात काहीच आलं नाही. मावशीचा श्वास आत गेला आणि थांबला. जरा वेळाने पुन्हा आला. पुन्हा थांबला, या वेळी लांब. बाहेर मशीन चालू होतं ते अर्ध्या टिपेवर बंद पडलं. काकांची पावलं आली. या वेळी ते आवाजाला धावले नव्हते, थांबण्याला धावले होते. ते वेळेवर पोचले. वेळेवर पोचून करण्यासारखं काही नव्हतं, हात धरण्याखेरीज. तो त्यांनी धरला. मावशीचा आणखी थोडा श्वास शिल्लक होता, तेवढा तिने त्यांच्या हातात हात ठेवून संपवला. ती एकटी नव्हती. एवढं मी ऐकलं आहे, आणि मी ऐकलेलं कधी चुकीचं सांगत नाही.

आता मी दुकानातल्या फळीवर असतो, दोऱ्याच्या रिळांशेजारी. काका मला रोज मऊ कापडाने पुसतात. पोच्यापाशी आले की हात हळू होतो. माझी तार कशालाच जोडलेली नाही. काकांचे हेडफोन मात्र अजून गळ्यात असतात. मधेच ते एक बाजू कानाला लावतात, थोडा वेळ ऐकतात आणि पुन्हा सुईत दोरा घालतात. घरात आता कुठल्याच दाराला कडी नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी आपल्याला जपा म्हणून सांगावं अशी रीत आहे. मला जपू नका. माझं सगळं छान चाललं आहे. तुमच्या घरात पलीकडच्या खोलीत कुणी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ गप्प असेल, कुणाची गंमत आज जरा जास्तच खरी वाटत असेल, तर 'वा' म्हणायच्या आधी उठा. दार ढकला. बहुतेक वेळा काही झालेलं नसेल. तुमचं हसं होईल, हातात मोजपट्टी असेल, आणि आतलं माणूस म्हणेल, कशाला आलास मधेच? म्हणू दे. तसं म्हणणारं माणूस आत आहे, यासारखं दुसरं सुख नाही.

आता हे वाचन बाजूला ठेवा. दिवा लावा. आणि एक हाक मारून या.